अदिलेचा प्रवाह व त्याच्या आरोग्याची मापे

१

गोड्या पाण्याचा एखादा लहान प्रवाह निरोगी आहे की रोगट, हे कोणत्या लक्षणांवरून ठरवावे, हा प्रश्न सामान्यतः रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. पाण्याचा नमुना घेणे, त्यात विरघळलेला प्राणवायू मोजणे, तळाशी राहणारे जीव ओळखणे ही कामे त्या शास्त्रांचीच आहेत, यात शंका नाही. तथापि आरोग्य ही कल्पना तुलनेवाचून उभी राहू शकत नाही. वैद्य रोग्याची विकृती ठरवितो ती त्याची प्रकृती ध्यानात घेऊन. प्रवाहाची प्रकृती म्हणजे मनुष्याचा हस्तक्षेप होण्यापूर्वीची, किंवा तो अत्यल्प असतानाची, त्याची स्थिती होय. आणि ती स्थिती आज डोळ्यांपुढे नसल्यामुळे तिचा शोध इतिहासातच घ्यावा लागतो. युरोपीय संघाने २००० साली आपल्या जलविषयक धोरणाची चौकट आखताना प्रत्येक प्रवाहाची तुलना त्याच जातीच्या, जवळजवळ अबाधित राहिलेल्या प्रवाहाशी करावी, असे तत्त्व स्वीकारले. त्याचाही आशय हाच आहे.

या दृष्टीने सोलापूरची अदिला हा विचारात घेण्याजोगा प्रवाह आहे. ईशान्येकडून येऊन शहराजवळून वाहणारी ही छोटी नदी सीनेस मिळते आणि सीना पुढे भीमेस मिळते. भीमेच्या मानाने अदिलेचा उल्लेख ग्रंथांतून क्वचितच येतो. परंतु दख्खनच्या अवर्षणप्रवण पठारावरील असंख्य ओढ्यांची प्रकृती जशी असते तशीच तिची होती, आणि गेल्या दीडशे वर्षांत अशा ओढ्यांवर जे जे आघात झाले त्यांपैकी बहुतेक तिने सोसले आहेत. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्रवाहाचे आरोग्य मोजण्याची प्रचलित मापे मुख्यतः बारमाही नद्यांच्या देशांत घडली. अदिलेसारख्या हंगामी प्रवाहास ती जशीच्या तशी लावली असता निरोगी ओढा मृत ठरतो आणि रोगट नाला जिवंत ठरतो.

२

प्रथम अशा प्रवाहाच्या प्रकृतीचा विचार करू. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पडणारा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा मोठा भाग सप्टेंबर महिन्यात, परतीच्या वाटेवरील पर्जन्याने मिळतो. खाली काळा बेसाल्ट खडक, त्यावर मुरूम आणि सखल भागी चिकण काळी जमीन. असा खडक पाणी आपल्या भेगांतून व कुजलेल्या थरांतूनच साठवितो, आणि तेही मर्यादित प्रमाणात. यामुळे येथील ओढ्याचे वर्ष ठरल्यासारखे असते. आश्विनाच्या सुमारास तो दुथडी भरतो, हिवाळ्यात पाझरांवर मंद वाहतो, शिमग्याच्या सुमारास त्याचा प्रवाह तुटून डोह तेवढे शिल्लक राहतात, आणि वैशाखात तेही आटून पात्रात दगड, वाळू व तडकलेला गाळ दिसू लागतो.

ही स्थिती येथील भाषांनी फार पूर्वीच ओळखली होती. मराठीत नदी, ओढा, ओहोळ, ओघळ, झरा व पाझर हे शब्द आकाराइतकेच पाण्याच्या स्वभावाचेही भेद सांगतात. ओघळ हा पावसापुरता वाहतो, झरा स्वतःच्या बळावर वाहतो. सोलापूर हे तीन भाषांचे शहर आहे, म्हणून शेजारच्या दोन भाषांची साक्षही येथे घेणे उचित होईल. कन्नडमध्ये मोठ्या प्रवाहास होळे आणि लहान ओढ्यास हळ्ळ म्हणतात. विणकर समाजाबरोबर येथे रुजलेल्या तेलुगूत एरु व वागु असा भेद आहे. हळ्ळ काय, वागु काय, ते उन्हाळ्यात आटले म्हणून कोणी त्यांस मृत मानत नाही.

जीवशास्त्राचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. प्रवाह आटला तरी त्यातील जीवन संपत नाही, ते निरनिराळ्या आश्रयांस जाते. काही सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची अंडी कोरड्या गाळात दीर्घकाळ टिकून राहतात. बेडूक व खेकडे ओलसर मातीत बिळे करून उन्हाळा काढतात. वाळूच्या थराखाली जो ओलावा वाहत असतो त्यात अनेक अळ्या तग धरतात. त्याच ओलाव्यासाठी माणसे पात्रात झरा उकरीत. चतुर व टाचणी हे कीटक पंखांनी दूरच्या तळ्यांवर जातात आणि पाणी येताच परततात. मासे खोल डोहांत अडकून राहतात व पुढील पुराबरोबर पुन्हा पसरतात. यास्तव अशा ओढ्याचे खरे प्राणस्थान त्याचे डोह होत. २०२१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार पृथ्वीवरील नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के भाग वर्षातून निदान एक दिवस वाहावयाचा थांबतो. आटणारा प्रवाह हा अपवाद नसून जगातील अर्ध्याहून अधिक प्रवाहांचा तो धर्म आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

३

या प्रकृतीत पालट केव्हा व कसा झाला, हे आता पाहावयाचे आहे.

सोलापुरात पाणी अडविण्याची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धरामांनी तेव्हाच्या सोन्नलिगे गावी तलाव निर्माण केला, आणि त्या लोकोपयोगी कार्याची स्मृती सिद्धेश्वर तलावाच्या रूपाने आजही जागी आहे. अशा तलावांनी पावसाचे पाणी गावापाशी धरून ठेवले. लहान क्षेत्राचे पाणी अडविल्यामुळे मुख्य ओढ्याच्या प्रवाहात मात्र त्यांनी मोठा फरक पडला नसावा.

एकोणिसाव्या शतकातील काम वेगळ्या जातीचे होते. १८६६ ते १८७१ या काळात इंग्रज सरकारने सोलापूरच्या ईशान्येस, एकरूख गावाजवळ, अदिलेच्या खोऱ्यात सिंचनासाठी मोठा मातीचा बांध घातला. त्याची लांबी दोन किलोमीटरांहून अधिक आणि उंची सुमारे एकवीस मीटर असून, त्यामागील जलाशय आज एकरूख किंवा हिप्परगा तलाव या नावाने ओळखला जातो. पुढे शहराच्या पाणीपुरवठ्यासही त्याचा उपयोग झाला. बांध झाल्यानंतर पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, जो भयंकर दुष्काळ पडला तो पाहता या कामाची आवश्यकता नाकारता येणार नाही. परंतु अदिलेच्या दृष्टीने १८७१ हे वर्ष निर्णायक ठरते. बांधाच्या खालच्या अंगास वाहणारी नदी त्या वर्षापासून आपल्या वरच्या पाणलोटास मुकली. तिचा पूर सांडव्यावर अवलंबून राहिला. पुराबरोबर येणारी वाळू व दगडगोटे जलाशयात अडकू लागले, आणि डोह धुवून काढणारे वार्षिक पाणी पुष्कळ वर्षी येईनासे झाले. अदिलेच्या खालच्या भागाचे आरोग्य बिघडले ते गिरण्यांच्या धुराड्यांबरोबर, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः रंगीत पाण्याचा थेंबही तिच्यात पडण्याआधी तिच्या प्रकृतीत पहिली विकृती उत्पन्न झालेली होती.

दुसरा टप्पा वस्त्रोद्योगाचा. १८७० च्या दशकात सोलापुरात कापसाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली आणि त्यानंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आदी गिरण्या निघाल्या. गिरण्यांचा काळ ओसरल्यावर चादरी व टॉवेल यांच्या यंत्रमागांनी शहराचा लौकिक टिकविला. सूत रंगविणे व धुणे या क्रियांना पुष्कळ पाणी लागते, आणि वापरलेल्या पाण्याबरोबर रंग, मीठ व क्षार बाहेर जातात. रंग डोळ्यांना खुपतो म्हणून त्याचीच चर्चा होते. परंतु प्रवाहातील जीवांना त्याचा मुख्य उपद्रव असा की, तो सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचू देत नाही, आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वाढल्याने नाजूक जाती तेथे राहू शकत नाहीत.

तिसरा टप्पा शहराच्या वाढीचा. १ मे १९६४ रोजी सोलापूर महानगरपालिका अस्तित्वात आली. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि पुढे त्याचे पाणी शहराला मिळू लागले. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. भीमेच्या पात्रातले पाणी नळांतून घरोघरी पोचते, आणि वापर होऊन ते गटारांच्या वाटेने शहराच्या ओढ्यांत उतरते. यामुळे वर बांध असूनही आणि आभाळ कोरडे असूनही शहराच्या हद्दीतले पात्र भर वैशाखात वाहते. हे पाणी मुख्यत्वे दुसऱ्या नदीचे, आणि तेही वापरून टाकलेले असते. जो ओढा उन्हाळ्यात आटत असे तो बारमाही झाला. अनभिज्ञ माणसास ही सुधारणा वाटेल. परंतु सोलापूरच्या हवामानात मे महिन्यात वाहणारा लहान ओढा हे प्रथमदर्शनी रोगाचे लक्षण समजावयास हवे.

४

आता मापांच्या इतिहासाकडे वळू. पाण्याचे गुणदोष ओळखण्याचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. सुश्रुतसंहितेत पाण्याचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे सहा प्रकारचे दोष सांगितले आहेत, आणि गढूळ पाणी निवळण्याच्या द्रव्यांत कतक फळाचा उल्लेख आहे. हे कतक म्हणजेच मराठीतील निवळी. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणात वृक्ष, वारुळे व भूमीतील प्राणी यांवरून भूगर्भातील पाणी कोठे आहे याचे अनुमान करण्याची रीत दिली आहे. जीवांवरून पाण्याचे अनुमान करण्याचे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. मात्र या दोन्ही ग्रंथांची दृष्टी मनुष्याच्या उपयोगाची आहे : पाणी पिण्यास योग्य आहे काय, आणि ते मिळेल कोठे. प्रवाह स्वतः कसा आहे, हा प्रश्न त्यांत उद्भवत नाही.

अर्वाचीन मापांचा उगम औद्योगिक युरोपात झाला. इंग्लंडमध्ये १८९८ साली नेमलेल्या सांडपाणीविषयक राजकीय आयोगाचे काम १९१५ पर्यंत चालले. त्याने १९१२ मध्ये जे प्रमाण सुचविले त्यानुसार नदीत सोडावयाच्या सांडपाण्याची जैविक प्राणवायू-मागणी लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. या प्रमाणामागे एक अट होती : सांडपाण्यात मिसळावयास नदीचे निदान आठपट स्वच्छ पाणी उपलब्ध असले पाहिजे. आकडे जगभर पसरले, अट मात्र पुष्कळ ठिकाणी विस्मृतीत गेली. अदिलेसारख्या ओढ्यात उन्हाळ्यात आठपट तर सोडाच, एकपटही स्वच्छ पाणी नसते. तेथे सांडपाणी प्रवाहात मिसळते असे म्हणण्यापेक्षा सांडपाणी हाच प्रवाह असतो, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

प्राणवायू-मागणीच्या चाचणीची पाच दिवसांची मुदत व सुमारे २० अंशांचे तापमान यांवरही इंग्लंडच्या हवेची छाप आहे. भारतात उष्ण हवामानास अनुसरून २७ अंश तापमानास तीन दिवसांची चाचणी स्वीकारण्यात आली. मापे देशकालानुसार बदलता येतात आणि बदलावी लागतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

रसायनाच्या जोडीस जीवांची साक्ष घेण्याची पद्धत जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सोन यांनी १९०८ व १९०९ साली शास्त्रशुद्ध रूपात मांडली. कुजणाऱ्या द्रव्याच्या कमीअधिक प्रमाणानुसार कोणत्या वनस्पती व कोणते प्राणी आढळतात याच्या त्यांनी श्रेणी लावल्या. या पद्धतीचा युक्तिवाद साधा पण बळकट आहे. पाण्याचा नमुना त्या क्षणाची साक्ष देतो; रात्री दूषित पाणी सोडून सकाळी प्रवाह निवळला तर नमुना निर्दोष निघतो. उलट तळाच्या दगडाखाली महिनोन्महिने राहणारी अळी तेथे आहे की नाही, यावरून मागील कित्येक आठवड्यांचा वृत्तांत कळतो. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या कार्यगटाने यास सोपे रूप दिले. तळाच्या दृश्य प्राण्यांच्या कुलांना प्रदूषण सोसण्याच्या शक्तीनुसार १ ते १० गुण द्यावयाचे व त्यांची बेरीज घ्यावयाची. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डच सहकार्याने यमुनेवर या पद्धतीचा अवलंब करून ‘स्वच्छ’ पासून ‘अतिप्रदूषित’ पर्यंत पाच वर्ग ठरविले.

कायद्याच्या क्षेत्रात महाराष्ट्राचे पाऊल आधी पडले. राज्याने जलप्रदूषण प्रतिबंधाचा अधिनियम १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. केंद्रीय अधिनियम १९७४ चा आहे. त्या केंद्रीय अधिनियमातील प्रवाहाची व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. तीत नदीबरोबरच जलमार्गाचा समावेश असून, तो वाहता असो वा तूर्त कोरडा असो, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आटलेला ओढा हाही कायद्याच्या दृष्टीने प्रवाहच आहे. परंतु पाण्याचा नमुना घेण्यास पाणी लागते. त्यामुळे व्याख्येत असलेला कोरडा ओढा मोजणीच्या वहीत मात्र येत नाही.

५

ही मापे अदिलेसारख्या प्रवाहास लावताना कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, याचा आता विचार करावयाचा.

पहिली बाब तापमानाची. १० अंशांचे शुद्ध पाणी लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते. ३० अंशांना हे प्रमाण साडेसातवर येते. सोलापूरच्या उन्हाळी डोहात प्राणवायू कमी आढळला तर त्यातील काही उणीव उन्हाचीच असते. शिवाय शेवाळ दाट झालेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर आणि पहाटे अत्यल्प असतो. मासे पहाटे मरतात आणि मोजणी बहुधा कचेरीच्या वेळेत होते. एका वेळच्या आकड्यावर निर्णय देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरी बाब दर्शक जीवांची. युरोपीय गुणपत्रिकेत स्टोनफ्लाय या कीटकांच्या अळ्यांना सर्वोच्च गुण आहेत. परंतु ते थंड, खळाळत्या पाण्याचे रहिवासी असल्यामुळे उष्ण पठारावर त्यांचा अभाव हा दोष मानता येत नाही. मेफ्लाय व कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या, आणि चतुर-टाचण्यांच्या जातींतील वैविध्य, ही येथे अधिक विश्वासाची गमके ठरतील. उलटपक्षी रक्तासारख्या तांबड्या अळ्या व तांबूस दोऱ्यांसारखे ट्युबिफेक्स कृमी यांचेच राज्य असेल, किंवा शेपटीसारख्या नळीने वरची हवा घेणाऱ्या अळ्या आढळतील, तर तळाशी प्राणवायू उरलेला नाही असे समजावे.

लोकांची काही गमके मात्र तपासून घ्यावी लागतात. पाण्यात मासे आहेत म्हणजे पाणी चांगले, ही समजूत तितकीशी खरी नाही. मरळ हा मासा वरची हवा घेऊ शकतो, आणि डासांच्या निर्मूलनासाठी सोडलेले गप्पी मासे गटारातही जगतात. पाण्यावर सरसर फिरणाऱ्या पाणनिवळीचे नाव निवळ पाण्याशी जोडलेले आहे. पण तीही हवेतच श्वास घेते, म्हणून तिच्या अस्तित्वावरून खालच्या पाण्याची खात्री देता येत नाही. तिचा अभाव मात्र बोलका असतो. साबणाच्या पाण्याने पृष्ठभागाचा ताण कमी झाला की तिला पाण्यावर उभे राहता येत नाही. तेव्हा लोकानुभव टाकाऊ नाही; तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे नीट ठरविले पाहिजे.

तिसरी बाब काठाची व तळाची. काठावर करंज, शिंदी, निरगुडी व लव्हाळे असणे आणि त्यांच्या जागी बेशरम व वेडी बाभूळ असणे, यांत प्रवाहाच्या आरोग्याचाच फरक आहे. पाणकणसांची दाट दाटी व जलपर्णीचे आच्छादन ही खतावलेल्या, साचलेल्या पाण्याची चिन्हे होत. या गोष्टी पात्र कोरडे असतानाही पाहता येतात. दगड, वाळू व गाळ यांचे प्रमाण, डोहांची संख्या व खोली, उन्हाळ्यात वाळूखाली ओल किती हातांवर लागते, यांची नोंदही तशीच करता येईल.

यावरून अशा ओढ्यासाठी वर्षातून तीन वेळा पाहणी व्हावी, असे दिसते : पावसाळ्यानंतर वाहत्या प्रवाहाची, फाल्गुनात तुटलेल्या डोहांची आणि वैशाखात कोरड्या पात्राची. तुलनेसाठी शहराखालचा भाग शहराच्या वरच्या भागाशी ताडून पाहणे पुरेसे नाही, कारण वर बांध आहे. त्याच खोऱ्याच्या परिसरातील, न अडविलेला व वस्तीपासून दूर असलेला दुसरा एखादा ओढा प्रमाण म्हणून निवडावा लागेल. असे ओढे दिवसेंदिवस कमी होत आहेत. ते नाहीसे झाल्यास प्रमाणच नाहीसे होईल, आणि मग कोणत्याही रोगट नाल्यास ‘तो पहिल्यापासूनच असा होता’ असे म्हणण्यास प्रत्यवाय राहणार नाही.

६

शेवटी नावाचा प्रश्न उरतो, आणि तो गौण नाही. नाला हा शब्द मराठीत मुळात लहान प्रवाहाचाच वाचक आहे. मृद्संधारणाच्या कामात ‘नाला बंडिंग’ म्हणतात तेव्हा शेताशिवारातला नैसर्गिक ओढाच अभिप्रेत असतो. शहराच्या आरोग्यखात्यात ‘नालेसफाई’ म्हणतात तेव्हा घाण वाहून नेणारी वाट अभिप्रेत असते. एकच शब्द शहराच्या वेशीवर आपला अर्थ बदलतो, आणि त्याबरोबर प्रवाहाचा दर्जाही बदलतो. ज्याला गटार मानले त्याचे काठ बांधणे, तळ खरवडणे, वळणे सरळ करणे आणि त्यावर फरशी घालणे ही कामे सुधारणा ठरतात. डोह बुजतात, वाळू जाते, आणि जीवांचे उन्हाळी आश्रय नष्ट होतात. पुराचे पाणी पसरावयाची जागाही जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुराने या कोरड्या मुलखातील नद्या किती विस्तीर्ण जागा मागू शकतात, याचे प्रत्यंतर दिले आहे.

रोग्याचे नाव मृतांच्या यादीत गेल्यावर त्याची नाडी कोणी पाहत नाही. अदिला व तिच्यासारखे ओढे यांच्या बाबतीत हाच धोका संभवतो. त्यांची मोजणी अंशतः तरी करण्यास सोलापुरातील महाविद्यालयांना व विद्यापीठाला मोठी साधने लागणार नाहीत. एक जाळे, एक भिंग, तापमापक, प्राणवायूची साधी चाचणी आणि काही वर्षे न चुकता ठेवलेली वही एवढे पुरेसे आहे. मात्र त्या वहीच्या पहिल्या पानावर ओढ्याचा इतिहास हवा : तो केव्हा अडविला गेला, त्यात बाहेरचे पाणी केव्हा आले, आणि तो मुळात कोणत्या महिन्यात आटत असे. जो आकडा या माहितीवाचून नोंदविला जाईल त्याचा अर्थ लावणे पुढील अभ्यासकांस कठीण जाईल. प्रवाह वाहतो आहे एवढ्यावरून तो जिवंत समजू नये, आणि आटला आहे एवढ्यावरून मृत समजू नये. सोलापूरच्या भूमीत प्रवाहाच्या आरोग्याचे कोणतेही माप या दोन वाक्यांपासून सुरू झाले पाहिजे.